पंचमीला टोचलेलं कोपर

डॉक्टर, दिवाळीमुळे लांबलेली तुमची शोकसभा परवा एकदाची झाली. मी गेले आणि अर्ध्यातून उठून आले. तुम्ही देवमाणूस होतात म्हणे. तुम्ही कधी कुणावर आवाज चढवला नाहीत म्हणे. हे म्हणणारा गृहस्थ आपल्या ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंतसुद्धा कधी आला नसेल. मला हसू येईना, रडूही येईना, नुसता थकवा आला. तुम्ही गेल्यापासून हे असंच चाललंय, झोपून उठते तीच दमलेली. मग ठरवलं, आपण नेहमीसारखं समोरासमोर बोलावं. तुमच्याबद्दल 'ते' म्हणून बोलायची मला सवय नाही आणि या वयात ती लावून घ्यायची इच्छाही नाही.

सगळी परभणी तुम्हाला हाडाचे डॉक्टर म्हणायची आणि मला भुलीच्या बाई. तुम्ही हाड बसवायचं, मी पेशंटला भूल द्यायची आणि मधल्या वेळात दोघांनी भांडायचं, अशी त्या सरकारी दवाखान्यात आपली वाटणी होती. आपल्या सिस्टर म्हणायच्या, या दोघांचं भांडण थांबलं की समजायचं, पेशंटचं काही खरं नाही. तुम्हाला हे ठाऊक होतं का? मला तरी त्यांनी तुम्ही गेल्यावर सांगितलं.

श्रावण लागला की तुम्ही मोडलेलं हाड धरून ठेवायच्या तारा उकळून ठेवायला सांगायचात. पंचमी जवळ आली की गावोगाव लिंबाच्या झाडांना झोके बांधले जातात आणि झोक्यांवरून पोरं पडतात. पडणारं पोर हात पुढं करतं, हात जमिनीला टेकतो आणि कोपराच्या जरा वरचं हाड मोडतं. तिथं ते हाड पातळ असतं, लहानपणी तर फारच. त्याच्या पुढून हाताला रक्त नेणारी नळी जाते आणि बाजूनं मनगट उचलणारी नस जाते. म्हणून तुमच्या मते कोपर हे माणसाच्या अंगातलं सगळ्यात खोडसाळ ठिकाण. झरीपासून जिंतूरपर्यंतची कोपरं आपल्या वॉर्डात यायची. गावात बांधून, चोळून, ओढून झाल्यावर यायची, हा वेगळा वैताग.

"तुमच्याकडे पंचमी नाही, त्यामुळे तुम्हाला यातलं काही कळायचं नाही," असं तुम्ही मला चिडवायचात. आमचं जिंतूरचं घर बौद्ध झालं तेव्हा मी मॅट्रिक होऊन बसले होते, डॉक्टर. आधीच्या पंचम्या मला चांगल्या आठवतात. झोके आमच्या वस्तीतही बांधायचे आणि पडायचो आम्हीही. फक्त आम्हाला कुणी तारा घालत नव्हतं. एकदा मी हे तुम्हाला सुनावलं, तेव्हा तुम्ही स्वतःच्या कपातला अर्धा चहा माझ्या कपात ओतलात. तुमची माफी मागायची पद्धत तीच होती, आणि चहा नेहमी गार असायचा.

यंदाच्या पंचमीला सकाळच्या एसटीनं पोखर्णीहून कौशी आली. आठ-नऊ वर्षांची पोर, आई आणि बाप बरोबर. आदल्या दिवशी झोक्यावरून पडली होती. गावातल्या जाणत्या माणसानं बांबूच्या कामट्या लावून चिंध्यांनी करकचून बांधलं होतं आणि रात्रभर पोर कण्हत होती. बोटं निळी पडली होती. तुम्ही कात्रीनं चिंध्या कापल्या तेव्हा तिच्या आईनं तोंड फिरवलं. मला वाटलं, लेकीचा सुजलेला हात बघवत नसेल. नंतर कळलं, तिला कात्री बघवत नव्हती.

चिंध्या निघाल्यावर निळेपणा जरा उतरला, पण मनगटावर नाडी लागेना. तुम्ही बघितली, मी बघितली. नव्हतीच. तुम्ही बापाला नीट समजावून सांगितलंत. हाड सरकलंय, रक्ताची नळी दाबली गेलीय, आत्ताच्या आत्ता उघडून बसवावं लागेल, उशीर झाला तर हात वाळून काटकीसारखा होईल. बाप मान डोलवत होता.

"उघडून म्हंजी?" आईनं विचारलं.

"म्हणजे थोडं चिरून."

"आज पंचमी हाय साहेब. आज चिरायचं न्हाई."

"अहो बाई, मी भाजी चिरत नाहीये."

"त्येच म्हणायले मी. भाजी बी चिरंना आमी आज, इळीला हात लावंना, मग लेकराला कसं चिरू द्यावं? भावाचा उपास हाय माजा. आज चिरलं तर भावावर येतंय. उद्या सकाळी करा, मी पाया पडते तुमच्या."

"उद्यापर्यंत हा हात राहायचा नाही."

"लेकरू बी माजं हाय न् भाऊ बी माजाच हाय," ती म्हणाली. ती रडत नव्हती, हुज्जतही घालत नव्हती. आहे ते सांगत होती.

बाप म्हणाला, "मी काय बोलू साहेब. एकच भाऊ हाय तिला."

मग तुम्ही ओरडलात. कधीच आवाज न चढवणारे तुम्ही असे ओरडलात की बाहेरची रांग गप्प झाली. त्यात मी तोंड घातलं. म्हटलं, नागोबाला तुझ्या भावाशी काय देणंघेणं, पोरीकडं बघ आधी. तिनं पोरीला उचलून कडेवर घेतलं, एवढ्या मोठ्या पोरीला, आणि ती दाराकडं चालायला लागली. मला तेव्हा खात्री झाली की आता हा हात गेला.

तुम्ही तिच्या पुढं जाऊन दाराजवळच्या बाकावर बसलात. आवाज अगदी खाली आणून विचारलंत, "बाई, मला एक सांगा. आज कान टोचलेले चालतात का?"

ती थांबली. तिनं विचार केला, खरंच केला, तुमच्याआमच्यासारखा उत्तर आधी ठरवून नाही. "टोचायला काय न्हाई," ती म्हणाली. "चिरायचं न्हाई न् कापायचं न्हाई."

"मग कान टोचतात तसं मी कोपर टोचतो. सुरी हातात घेणार नाही. चालेल?"

"रगत?"

"कान टोचल्यावर येतं तेवढंच."

तिनं नवऱ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. "टोचा मग," म्हणाली.

मी तुम्हाला हाताला धरून बाजूला ओढलं. आजवर तुम्ही प्रत्येक कोपर उघडलंत, मोडलेलं हाड डोळ्यांनी बघितलंत आणि मगच तार घातलीत. न उघडता, बाहेरूनच ओढून हाड जागेवर आणायचं आणि कातडीतून अंदाजानं तार घालायची, हे तुम्ही फक्त वाचलेलं होतं. आपल्याकडं आतलं दाखवणारा पडदा नाही, काही नाही. ढकलत आणायचं एक्स-रेचं जुनं यंत्र तेवढं आहे.

"कान आणि कोपर यात फरक आहे, डॉक्टर," मी म्हटलं. "नस तिथंच बाजूला आहे. तार तिच्यात घुसली तर?"

"आणि ती बाई परतीच्या एसटीत बसली तर?"

"अंधश्रद्धेपुढं मान तुकवताय तुम्ही."

"तुकवतोय," तुम्ही म्हणालात. "भुलीची तयारी करा."

मी कौशीच्या तोंडावर मास्क धरून इथरचे थेंब टाकले. ती म्हणाली, "बाई, लय घाण वास यायलाय," आणि झोपली. एका हातानं मी तिची हनुवटी धरली होती आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्या मनगटावर ठेवलं होतं. सिस्टरनी दंड धरला. तुम्ही हात सरळ ओढलात, हळूहळू, हिसका न देता. मग अंगठ्यानं मागून हाड पुढं ढकललंत आणि कोपर दुमडलंत. तुमचे डोळे मिटलेले होते. इतक्या वर्षांत मी तुम्हाला डोळे मिटून काम करताना कधी बघितलं नव्हतं.

"आली," मी म्हणाले.

"काय आली?"

"नाडी आली, डॉक्टर."

तुम्ही डोळे उघडले नाहीत. तसेच उभे राहिलात, हात धरून. मग एक्स-रेची प्लेट काढली, ओली प्लेट खिडकीच्या उजेडात धरली, हाड रेषेत दिसलं. हातानं फिरवायच्या ड्रिलनं तुम्ही बाहेरच्या अंगानं दोन तारा घातल्या, दोन टोचे, दोन थेंब रक्त. तुम्ही तिच्या आईला दिलेला शब्द अक्षरशः पाळलात. त्या दुपारी मला तुमचा किती अभिमान वाटला, हे मी तुम्हाला बोलले नाही. भांडण चालू होतं ना आपलं. आता बोलते. माझ्या बोटाखाली त्या पोरीची नाडी आली तो क्षण तुम्ही मला दिलात, आणि या नोकरीनं मला त्याहून चांगलं काही दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं गुलाबी होती, ऊबदार होती. कौशी आईनं आणलेलं पुरणाचं दिंड खात बसली होती. तुम्ही म्हणालात, "मनगट वर कर बघू." तिनं तोंड वाकडं करून जोर लावला. मनगट खालीच लोंबत राहिलं. तुम्ही पुन्हा सांगितलंत. पुन्हा तेच. तिची आई हसत होती, तिला वाटलं पोर लाजतेय. मी तुमच्याकडं बघितलं आणि तुम्ही माझ्याकडं बघायचं टाळलंत.

मग व्हरांड्यात आपलं ते भांडण झालं. मी म्हणाले, उघडा आणि बघा, नस तारेखाली अडकली असेल. तुम्ही म्हणालात, नस हाड मोडतानाच दुखावली असणार, ताणलेली नस आपोआप येते, थांबा. मी म्हणाले, आधी तपासली होती का? तुम्ही म्हणालात, नाही. मीही तपासली नव्हती. कळवळणाऱ्या पोरीला हात हलवायला लावणार कोण? म्हणजे आधीचं की नंतरचं, हे आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक नसतं तो जास्त जोरात बोलतो. मी म्हणाले, "सुरीला घाबरलात तुम्ही. पंचमी त्या बाईची नव्हती, तुमचीच होती." तुम्ही वॉर्डात निघून गेलात. गार चहासुद्धा दिला नाहीत.

काही आठवड्यांनी तारा काढल्या. कोपर छान जुळलं होतं, नव्या प्लेटवर कुठलाही डॉक्टर शाबासकी देईल असं. मनगट मात्र तसंच. तुम्ही ते वर धरून ठेवणारी प्लास्टरची पट्टी स्वतः बनवलीत आणि आईला बजावलंत. पट्टी काढायची नाही, कोपराला तेल लावून चोळायचं नाही, बोटं तेवढी रोज हातानं सरळ करायची. मी तिथंच मध्ये बोलले की हिला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात पाठवा. तुम्ही म्हणालात नको. मी म्हणाले का नको. आपण पेशंटसमोर भांडायला लागलो, डॉक्टर, ते मात्र पहिल्यांदाच झालं.

कौशीचा बाप शांतपणे म्हणाला, "आदी तुमचं दोघांचं एक ठरवा, मग आमाला सांगा. आमी बसतो भाईर."

तो खरोखर बाहेर जाऊन बसला. तेव्हा ठरलं ते असं: दिवाळीपर्यंत वाट बघायची. दिवाळी झाल्यावर मनगट उचललं नाही, तर तुम्ही स्वतः तिला औरंगाबादला घेऊन जाणार. तुम्ही त्याला बाहेर जाऊन तसं सांगितलंत, आणि माझ्याकडं वळून म्हणालात, "झालं समाधान?" झालं नव्हतं. त्यानंतर दर बाजारच्या दिवशी ती माणसं यायची आणि मी तुम्हाला विचारायची, आली का नस? "तुम्हाला घाई फार," तुम्ही म्हणायचात. शेवटी शेवटी तेही म्हणेनासे झालात. ती निघून गेली की तुम्ही खिडकीशी उभे राहून स्वतःचं मनगट वरखाली करून बघायचात. मला दिसायचं.

दसऱ्यानंतर तुम्ही गेलात. ते कसं झालं, हे सगळ्यांनी एकमेकांना इतक्यांदा सांगितलंय की मला ते आता लिहवत नाही. मला एवढंच म्हणायचंय की मी तुमच्यावर रागावले. अजून रागावलेली आहे. भांडण अर्धं टाकून उठून जायची ही काय रीत झाली? तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. मोडलेली माणसं येतात, मी त्यांना जमेल तसं बांधून नांदेडला नाही तर औरंगाबादला लावून देते, आणि घरी येऊन भिंतीकडं बघत बसते. लय बेजार झालेय, डॉक्टर. आमच्या आईच्या भाषेत सांगितलं, म्हणजे तुम्हाला पटेल.

तुमच्या घरी भेटायला गेले होते. वहिनी बऱ्या आहेत, म्हणजे असाव्यात तशा आहेत. बोलता बोलता त्या एकदम म्हणाल्या, "यंदाच्या पंचमीला यांना काय झालं होतं हो दवाखान्यात?" मी विचारलं, का? तर म्हणाल्या, तुम्ही त्या दिवशी संध्याकाळी घरी आलात, हातपाय धुतलेत, फडताळातून विळी काढलीत आणि खाली बसून कांदे चिरायला घेतलेत. पंचमीच्या दिवशी. वहिनी ओरडल्या, सासूबाई देवघरातून उठून आल्या. तुम्ही ऐकेनात. "तिथं चिरू दिलं नाही, इथं तरी चिरू द्या," असं म्हणत टोपलीतले सगळे कांदे चिरलेत आणि मग तसेच ते सगळे टाकून जाऊन झोपलात. एवढे कांदे उगीच वाया गेले, असं वहिनी म्हणाल्या आणि मग रडल्या.

घरी येताना सगळ्या रस्ताभर तेच डोक्यात. तुम्ही त्या सुरीला घाबरला नव्हतात तर. तुम्हाला ती बाई आणि तिचा भाऊ आणि ती पोर, तिघांनाही त्या दिवसातून बाहेर काढायचं होतं. हे तुम्हाला व्हरांड्यात मला एका वाक्यात सांगता आलं असतं. सांगितलं नाहीत. मी मात्र अजूनही म्हणते की उघडून बघायला हवं होतं. तुम्ही गेलात म्हणून माझं मत बदलेल, अशी आशा ठेवू नका.

आज सकाळी पोखर्णीची माणसं आली. आईच्या हातात गाठोडं होतं, वर भाकरी बांधलेल्या. औरंगाबादला जायच्या तयारीनं आली होती, ठरल्याप्रमाणे.

"साहेब कुठायत?" बापानं विचारलं.

सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण कौशी माझ्याकडं बघत होती, पट्टीतला हात पोटाशी धरून, आणि मला वाटलं, आधी हिचा हात बघून होऊ दे. "आज नाहीत," मी म्हणाले.

मी पट्टी सोडली. कातडी पांढरी पडली होती, हात बारीक झाला होता. टेबलाच्या कडेला तिचा हात ठेवला, पंजा कडेबाहेर सोडला. तो लोंबला. नेहमीसारखाच लोंबला. औरंगाबादला कुणाला चिठ्ठी द्यायची याचा विचार माझ्या डोक्यात सुरूही झाला होता. "मनगट वर कर," मी म्हणाले, म्हणायचं म्हणून.

तिनं तोंड वाकडं केलं आणि पंजा हलला. मला वाटलं, तिनं खांद्यातून झटका दिला असेल. मी तिचा दंड आणि कोपर टेबलावर घट्ट दाबून धरलं. "पुन्हा कर." पंजा वर आला. थोडासा, बोटभर, थरथरत, पण आला. अंगठा अजून येत नाही, बोटंही सरळ होत नाहीत. ती येतील, मनगट आधी येतं, मग ती येतात. "पुन्हा," मी म्हणाले. तिनं पुन्हा केलं. मी तिला इतक्यांदा करायला लावलं की ती कंटाळून म्हणाली, "बाई, आता दुखायलंय."

"मंग औरंगाबाद?" बापानं विचारलं.

"नको," मी म्हणाले. "घरी जा. पट्टी चालू ठेवा."

आई खाली बसली, जमिनीवरच. पोरीचा पंजा दोन्ही हातांत धरून बसून राहिली. मग डोळे पुसून तिनं गाठोड्यातून एक भाकरी काढली, वर ठेचा, फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली. ती साहेबांसाठी होती. आता तर मला सांगणं भागच होतं, आणि आता तर मला सांगताच येईना. दारापर्यंत गेल्यावर ती वळली.

"साहेबाला सांगा बरं बाई, हात उचलायलाय म्हणून. ईसरू नका. लय वाट बघितली त्येंनी."

सांगते म्हणाले मी तिला. म्हणून हे लिहायला बसले. कौशीचं मनगट उचललं, डॉक्टर.